जागल्याचा मालक

लाइन गेली असेल, असंच ललितला आधी वाटलं. दोन हजार सहाच्या त्या हिवाळ्यात अमरावतीत काहीही जायचं. वीज जायची, नळ जायचे, टेलिफोनमधला आवाज जायचा, आणि माणसं त्या जाण्याला इतकी सरावली होती की कुणी मान वर करूनही बघत नसे. पण भिंतीवरची ट्यूब जळत होती, क्लासच्या खोलीतले बाकीचे कॉम्प्युटर घुमत होते, आणि त्याच्या पडद्यावरही सगळं जागच्या जागी होतं. फक्त चॅनेलची चौकट करडी पडली होती आणि तिच्या तळाशी एक ओळ होती: जागल्याने तुम्हाला बाहेर काढले आहे. पुढे कारण होतं, रोमन अक्षरांतल्या वऱ्हाडीत: आपल्या मानसाले काढतं? हो बाहेर. ललितने ते वाचलं आणि त्याच्या कानशिलांखाली काहीतरी गरम सरकलं, शाळेत सगळ्यांसमोर उभं केल्यावर सरकायचं तसं. ते वाक्य त्याचंच होतं. त्यानेच कधीतरी हसत हसत ते लिहून जागल्याच्या तोंडी घातलं होतं. तो पुन्हा आत जायला निघाला. तुम्हाला या चॅनेलमध्ये बंदी आहे, असं उत्तर आलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. ललित ते ऐकत बसला. आपण नसताना आत आता काय बोलत असतील, हा विचार त्याला आला, आणि असा विचार आपल्याला येऊ शकतो याचंच त्याला नवल वाटलं.

चॅनेल म्हणजे इंटरनेटवरची एक खोली. ज्याने त्याने आपापल्या गावाहून, आपापल्या कॉम्प्युटरवरून लिहायचं आणि आत असतील त्यांनी वाचायचं. ललित आणि जुबेर दोघे अमरावतीत इंजिनिअरिंगला एका खोलीत राहत होते, तेव्हाच त्यांनी ही खोली उघडली होती. वऱ्हाडातून पोटासाठी पांगलेली माणसं हळूहळू तिथे जमली. पुण्याची माया यायची. तिचे वडील दर्यापूरकडे गावात एकटे असत. मोर्शीचे खुशालराव यायचे. मास्तरकीतून निवृत्त झालेले, संत्र्याच्या बागेत मन लागत नाही म्हणून पुतण्याच्या सायबर कॅफेत येऊन बसणारे. जुबेर पुढे शारजाला एका गोदामाच्या हिशेबखात्यात लागला. ललित अमरावतीतच राहिला आणि एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवू लागला. खोलीला चोवीस तास राखण हवी म्हणून दोघांनी एक प्रोग्राम बसवला. तो माणसासारखंच नाव घेऊन आत बसे, आल्यागेल्याकडे बघे, दंगा करणाराला बाहेर काढी. तो चालायचा अकोल्याला, जुबेरच्या वडिलांच्या फोटो स्टुडिओतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, कारण स्टुडिओत इन्व्हर्टर होता. जागल्या हे नाव जुबेरने सुचवलं होतं. “गावात असते ना बे, रातभर जागनारा,” असं तो म्हणाला होता. ललित थोडा वेळ काही बोलला नव्हता. मग म्हणाला होता, “चालते.”

पहिल्या वर्षी जागल्या फक्त जागायचा. मग एक दिवस असं झालं की ललितने ज्याला विश्वासाने अधिकार दिला होता, त्या नागपूरच्या एका पोराने जुबेरला चॅनेलमधून काढलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, जा आपल्या पाकिस्तानात. जुबेर परत आला. त्याने पुन्हा काढलं. जुबेर पुन्हा आला. असं दुपारभर चाललं होतं आणि ललित तेव्हा परीक्षा घेत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. नंतर जुबेरने फोनवर हसून सांगितलं होतं, “जाऊ दे, मले सवय आहे.” ते हसणं ललितच्या कानातून गेलं नाही. त्याच आठवड्यात त्याने जागल्याला बदला शिकवला. आपली म्हणून काही नावं त्याला सांगितली, त्यात पहिलं जुबेरचं. त्या नावाला जो हात लावील त्याला जागल्याने तत्काळ काढायचं, दार लावायचं, विचारायचं नाही. विचारायचं नाही, हे लिहिताना ललितला बोटांच्या टोकांपर्यंत एक सुख झालं होतं. आणि त्या फाइलमध्ये जिथे जागल्याच्या मालकाचं नाव लिहायचं असतं, तिथे त्याचं स्वतःचं नाव आधीपासून होतंच. मालकाला वगळावं, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. आपण जुबेरला काढू, हे कुणाच्या मनात येणार होतं?

आणि आज सकाळी त्याने काढलं होतं. गेले काही महिने जुबेर चॅनेलमध्ये येई तो एक नाव घेऊन. गाव, शेतकऱ्याचं नाव, वय. त्यापुढे कधीकधी एखादी बारीक गोष्ट. फोटोत पांघरलेली शाल शेजाऱ्याची, किंवा फोटो लग्नातला, बाजूची बायको कापून. पुढे काही नाही. कसा मेला, का मेला, ते नाही. ते सगळ्यांना कळायचंच. त्या दिवसांत वऱ्हाडात कुणाला हे विचारावं लागत नसे. पहिल्यापहिल्यांदा लोक दोन शब्द लिहायचे. मग नुसतेच थांबायचे. मग जुबेरचं नाव लिहून झालं की खुशालराव हवापाण्याचं काहीतरी काढायचे आणि सगळे घाईघाईने त्या हवापाण्यात शिरायचे. मायाने एकदा ललितला वेगळं लिहिलं होतं: “दादा, त्यांना थांबवा ना. माझे बाबा एकटे असतात. गावाचं नाव वाचेपर्यंत माझा श्वास अडकतो.” ललितने जुबेरला सांगून पाहिलं. जुबेर म्हणाला, “बरं.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव. आज सकाळी क्लासची पोरं यायच्या आधी ललितने चहाचा ग्लास बाजूला ठेवून चॅनेल उघडलं आणि समोर ओळ आली: बार्शीटाकळी. देवराव. अठ्ठावीस. फोटो मतदान कार्डावरचा. डोळे मिटलेले. ललितने काय केलं ते त्याला स्वतःला नंतर दिसलं. हात आधी चालला होता. जुबेर बाहेर गेला होता, त्याच्यावर बंदी पडली होती, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच्यामागोमाग ललितही.

पोरं आली. त्याने त्यांना शिकवलं. एका मुलीने काहीतरी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं आणि उत्तर बरोबर असावं, कारण तिने ते लिहून घेतलं. सगळा वेळ त्याच्या उजव्या कोपराला काहीतरी बोचत होतं. दुपारी कळलं की ती आठवण होती. बार्शीटाकळीच्या शाळेत देवराव त्याच्या बाकावर बसायचा. देवराव डावखुरा होता. दोघे लिहायला लागले की कोपरं एकमेकांना लागत, आणि ललितच्या वहीत दर ओळीला एक अक्षर उडून वर जाई. गुरुजींनी विचारलं की देवराव म्हणायचा, “माह्यामुळं झालं जी.” हे इतकंच. त्यानंतरचा देवराव त्याला माहीतच नव्हता. तो कुठल्या वर्षी शाळेतून गेला, कुणाशी लग्न झालं, त्याच्या शेतात काय पेरलं होतं, काही नाही. मायासाठी काढलं, असं ललितने सकाळपासून स्वतःला सांगितलं होतं आणि आता ते त्याच्या हातून सुटत होतं. मायाची त्याला त्या क्षणी आठवणच नव्हती. त्याला ते नाव बाहेर काढायचं होतं. बाहेर गेला जुबेर.

त्याने अकोल्याला स्टुडिओत फोन लावला. जुबेरची बहीण गजाला फोनवर आली. “जागल्यानं मलाच काढलं,” ललित म्हणाला. तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं. “बंद करून टाकू काय? वायरच काढते.” तो घाईने नको म्हणाला. जागल्या गेला तर खोलीला कुणीच राखणारं उरत नाही. बाहेर टपून बसलेले आत घुसतात आणि खोली त्यांची होऊन बसते. एकदा गेलेली खोली परत मिळत नाही. “मंग मी काय करू सांगा. तुमी बोला, मी टाइप करते,” गजाला म्हणाली. तसं करता आलं असतं. एकेक अक्षर फोनवरून सांगून अर्ध्या तासात काम झालं असतं. पण ललित म्हणाला, “उद्या रविवार आहे. मीच येतो.” फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “जुबेरचा फोन आला होता का?” “नाई,” ती म्हणाली, “काल आला होता. आज नाई.”

रविवारी सकाळी बडनेऱ्याहून त्याने पॅसेंजर धरली. खिडकीबाहेर कापूस फुटला होता. बायका ओटीत कापूस वेचत होत्या, उन्हात त्यांच्या पाठी वाकलेल्या दिसत आणि गाडी पुढे गेली की दुसऱ्या पाठी. पांढरं बघून बघून त्याचे डोळे दुखले आणि त्याने ते मिटले, तेव्हा आतमध्ये आजा होता. ललितने आजा पाहिलेला नव्हता. तो त्याला वडिलांच्या, पुंजाजींच्या बोलण्यातून आला होता, आणि पुंजाजी कमी बोलत. पोस्टात जन्मभर नोकरी केलेला माणूस, छातीजवळच्या खिशात पेन, आणि गावाचा विषय निघाला की जबडा घट्ट. आजा बार्शीटाकळीकडच्या एका गावाचा वेसकर होता, म्हणजे जागल्याच. दिवस मावळला की वेशीच्या दारात बसायचं, अनोळखी माणसाला अडवायचं, कुठला कोण विचारायचं, असा हुकूम. एका संध्याकाळी घोड्यावरून एकजण आला, प्यालेला होता, नाव सांगेना. आजाने अडवला. तो निघाला पाटलाचा जावई. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर आजाला मारलं. मारून झाल्यावर पाटील सांगतो कसा, राखन कर, पन मालकाले वयखत जा. पुंजाजींनी हे ललितला एकदाच सांगितलं होतं, तो नोकरीला लागला त्या दिवशी, आणि शेवटी म्हणाले होते, “तुह्या आज्याच्या हातात काठी होती. पन ते काठी खाली टेकाची होती, उचलाची नोयती.” म्हणून जुबेरने जागल्या हे नाव काढलं तेव्हा ललित गप्प झाला होता. मग त्याच्या मनात आलं होतं की या जागल्याची काठी उचलली जाईल. कुणावरही. ते त्याने जुबेरलासुद्धा सांगितलं नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या बाकावर एक म्हातारी बोरं खात होती, तिने न विचारता त्याच्या तळहातावर चार बोरं ठेवली. ती आंबट होती. ती खाताना त्याला जाणवलं की कालपासून आपण त्या प्रोग्रामवर रागावलेले आहोत. खरेखुरे, माणसावर रागवावं तसे. माझंच लिहिलेलं, माझ्यावर? असा तो राग होता, आणि त्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, आणि तो आवाज आपला नसून दुसऱ्या कुणाचा तरी आहे हे कळून त्याने उरलेलं बोर खिडकीबाहेर टाकलं.

अकोल्याला उतरून, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात तो पोचला तेव्हा जुबेरचे वडील, गयासुद्दीनचाचा, स्टुडिओच्या पायरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी ललितचे दोन्ही हात हातात घेतले. “ये बाबू, ये. केवढा वायला तू. जेवत नाहीस काय?” आतून जैनबबी, जुबेरची आई, ओरडली, “आया क्या ललित? उसको बोलो खाना खाए बगैर जाने का नहीं.” स्टुडिओच्या पुढच्या खोलीत पूर्वी ताजमहालाचा पडदा होता, लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. आता पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता आणि भिंतीशी चौकटी ओळीने टेकलेल्या होत्या, हार घालायला वर खिळा ठोकलेल्या. ललितने त्या मोजल्या नाहीत. एकेका चौकटीतला माणूस जरा दचकलेला दिसत होता, कारण बारीक फोटो मोठा केला की माणूस दचकल्यासारखाच दिसतो. “हेच काम आहे आता,” चाचा म्हणाले. “लग्नाचे फोटो काढाले पोरं डिजिटल कॅमेरे घेऊन आले. आमच्याकडे येते ते हे. कार्डावरचा, पासबुकावरचा, असा नखाएवढा फोटो आनते आन् म्हनते, मोठा करून द्या, भिताडाले लावाचा आहे.” त्यांनी एक चौकट सरळ केली. “घरात जाऊन तुह्या चाचीजवळ बोललो तर थे रडते. मंग जुबेरचा फोन आला का त्याले सांगतो. आज कोन आलं होतं ते. त्याले सांगतलं का मले झोप लागते.”

इतके महिने ती नावं कुठून येतात हे ललितने जुबेरला विचारलंच नव्हतं. वर्तमानपत्रातून असतील, असं धरून चालला होता. एक बाप रोज एक नाव मुलाच्या कानात ठेवत होता, आणि मुलगा समुद्रापलीकडे एका गोदामात ते नाव घेऊन बसत होता, आणि ते ठेवायला त्याला एकच खोली ठाऊक होती.

गजाला आतल्या कॉम्प्युटरवर काम करत होती. तिने खुर्ची फिरवून सलाम केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. “हे परवाचे. त्याइची माय येऊन गेली. म्हने, डोये उघडे करून द्या. भावाचा फोटो देऊन गेली, त्याचे डोये बसवून राहिली मी. पन बसत नाईत.” पडद्यावर देवराव होता. ललितने त्याला ओळखलं नाही, मग ओळखलं, हनुवटीवरून. गालफडं बसलेली, डोक्यावर केस विरळ, आणि मिटलेल्या डोळ्यांवर दुसऱ्या कुणाचे तरी डोळे चिकटवलेले, सरळ समोर बघणारे. ललित म्हणाला, “हा माझ्या वर्गात होता.” गजालाचा हात माऊसवर तसाच राहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मंग तुमीच सांगा. कसे होते डोये?” त्याने आठवायचा प्रयत्न केला. कोपर आठवत होतं. शाईने निळी झालेली डावी मूठ आठवत होती. डोळे आठवत नव्हते. “सरळ नव्हता बघत तो,” शेवटी तो म्हणाला. “बाकावर बाजूला बसायचा ना. तिरपा बघायचा. हसायच्या आधी तिरपा बघायचा.” गजालाने बुबुळं किंचित सरकवली. पुन्हा किंचित. ललित म्हणाला, “बस. राहू दे.” चाचांनी मागून येऊन पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

जागल्याचा कॉम्प्युटर मागच्या अंधाऱ्या खोलीत होता, पूर्वी जिथे फोटो धुवायचे तिथे. तिथे अजून आंबूस औषधाचा वास होता. ललितने फाइल उघडली. करायचं ते अगदी थोडं होतं. बदला घेण्याआधी जागल्याने बघायचं: हात लावणारा कोण आहे? तो मालक असेल तर काही करायचं नाही. एक अट, एक ओळ. त्याची बोटं कळांवर टेकली आणि तिथेच थांबली. मालकाला ओळखत जा. तो हेच लिहायला आला होता. बडनेऱ्याहून गाडीत बसून, बोरं खात, तो हे वाक्य घेऊन आला होता. खोलीत मशीन घुमत होतं. बाहेर जैनबबीच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्याला वाटलं, हे नाही लिहिलं तरी चालेल. राहू आपण बाहेर. पण मग खोली कोण सांभाळणार? उद्या जागल्याचं काही बिघडलं तर दुरुस्त करायला ज्याने आत असायला हवं तोच बाहेर. ही अडचणही खरी होती. त्याने ओळ लिहिली. जागल्याला फाइल पुन्हा वाचायला लावली, स्वतःवरची बंदी काढली, जुबेरवरचीही काढली, आणि आत गेला. आत खुशालराव होते, माया होती. “आले का मालक?” खुशालरावांनी लिहिलं. ते गमतीने लिहिलं होतं. जुबेर नव्हता.

तेवढ्यात पुढच्या खोलीतला फोन वाजला आणि गजालाने वायर ओढत रिसीव्हर आत आणून दिला. “जुबेरभाई.” तिकडे रविवार म्हणजे कामाचा दिवस. त्याच्यामागे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता.

“गजालानं सांगतलं तू आला म्हून,” जुबेर म्हणाला. “काय करून राहिला तिथं?”

“जागल्याला समजावून राहिलो.”

“काय?”

“मालकाला मारू नको म्हणून.”

जुबेर हसला नाही. म्हणाला, “खरं सांगू काय ललित? तू मले काढलं न्, तवा मी पाहतच राह्यलो. आन् मंग खुशालरावानं लिवून सांगतलं का जागल्यानं तुलेबी काढलं. मले लय बरं वाटलं. एवढं बरं वाटलं का मले माहीच भीती वाटली. म्हून फोन नाई केला.”

“देवराव माझ्या बाकावर बसायचा,” ललित म्हणाला.

पलीकडे ट्रकचा आवाज थांबला. “मले माहीत नोयतं बे,” जुबेर म्हणाला. “आईशप्पथ माहीत नोयतं. अब्बानं नाव सांगतलं, मी लिवलं.”

“अब्बांनी सांगितलं, हे मला माहीत नव्हतं.”

तारेत कुठेतरी समुद्र असल्यासारखा बारीक खरखर आवाज होता. मग जुबेर म्हणाला, “झालं काय तुहं काम? चालते का नाई पाह्यलं?” ललित म्हणाला, “कसं बघणार? बघायचं तर तुलाच काढावं लागेल.” “मंग काढ ना,” जुबेर म्हणाला. “थांब, आत येतो.” आणि पडद्यावर त्याचं नाव आलं. मायाने त्याला नमस्कार लिहिला. खुशालरावांनी हवापाणी विचारलं नाही. ललितचा हात काल जसा चालला होता तसा आज चालेना. आज प्रत्येक अक्षर वेगळं दाबावं लागलं. जुबेर बाहेर गेला. ललित पडद्याकडे बघत राहिला. काही झालं नाही. जागल्या आपल्या जागी होता, नावांच्या यादीत सगळ्यात वर, आणि तो काही बोलला नाही, हलला नाही. त्याने मालकाला ओळखलं होतं. माया काही बोलली नाही. खुशालराव काही बोलले नाहीत. कालपासून ललितला जी शांतता हवी होती ती अशी होती, आणि ती त्याच्या अंगावर ओल्या कापडासारखी बसली.

“झालं?” फोनमधून जुबेरने विचारलं.

“झालं.”

“कायी म्हनलं नाई त्यानं?”

“नाही.”

“मंग बरोबर चालून राहिला,” जुबेर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. सवय होती. ललितला तो हसून सांगत होता तेव्हाचा आवाज आठवला, मले सवय आहे म्हणतानाचा, आणि त्याने रिसीव्हर खांदा आणि मानेत धरून फाइल पुन्हा उघडली. गजाला दारात उभी होती. तिने विचारलं, “आता काय?” तो म्हणाला, “अर्धंच झालंय.” काय उरलंय ते त्यालाही धड माहीत नव्हतं, लिहिता लिहिता ते कळत गेलं. मालकाला मारायचं नाही, ते ठीक. पण काढलेल्याचं काय? इतकी वर्षं जागल्या फक्त काढणाऱ्याकडे बघत होता. ज्याला काढलं तो बाहेर कुठे उभा असतो, तिकडे त्याने कधी बघितलं नव्हतं, कारण ललितने त्याला तिकडे बघायला सांगितलंच नव्हतं. त्याने अटीखाली आणखी लिहिलं. मालकाने आपल्या माणसाला काढलं, तर मालकाला काही करू नये. काढलेल्याची बंदी उठवावी आणि त्याला आत बोलवावं. मालकाने पुन्हा काढलं तर पुन्हा बोलवावं. मालक दमेपर्यंत. “आन् दुसऱ्या कोनी काढलं तर?” गजालाने वाकून वाचत विचारलं. ललितने तोच प्रश्न फोनमध्ये जुबेरला विचारला. “त्याइले मारू दे,” जुबेर म्हणाला, आणि कालपासून पहिल्यांदा हसला. “मी काही संत नाई.” ललितने ते तसंच ठेवलं. ते बरोबर होतं की नाही, याचा त्याने त्या वेळी विचार केला नाही.

“पुन्हा काढतो,” तो म्हणाला. त्याने जागल्याला फाइल पुन्हा वाचायला लावली आणि जुबेरवरची बंदी उठवली. जुबेर आत आला, आणि ललितने त्याला काढलं. पडद्यावर जुबेर गेल्याची ओळ आली. तिच्याखाली दुसरी ओळ आली: जागल्याने बंदी उठवली. मग काही नाही. फोनमध्ये कुठलीतरी कळ दाबल्याचा आवाज आला.

“मले हाक आली बे,” जुबेर म्हणाला. “जागल्या बलावून राहिला मले. येऊ?”

“ये ना.”

जुबेरचं नाव पुन्हा यादीत आलं. खुशालरावांनी लिहिलं, “काय पोरखेळ लावला रे तुमी, आत-भाईर आत-भाईर? चक्कर येऊन राहिली माह्या डोक्याले.” कुणीतरी हसल्याची खूण टाकली. जुबेरने काही लिहिलं नाही. फोनमध्ये तो म्हणाला, “कालचं नाव अर्धंच राह्यलं. तूच लिव आता. मले तर वयच माहीत होतं त्याचं.” ललितने आधी मायाला वेगळं लिहिलं: एका ओळखीच्या माणसाबद्दल लिहितोय, वाचायला जमणार नसेल तर थोडा वेळ बाहेर थांब. मायाचं उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: “सकाळी बाबांशी बोलले. बरे आहेत. थांबते मी. लिहा.” जैनबबीने आतून हाक मारली, ताट वाढलंय, भाकर थंडी होते. गजाला तिला काहीतरी सांगायला गेली. ललितने लिहिलं, देवराव आणि मी एका बाकावर बसायचो. मग त्याची बोटं थांबली. समोर ती एकच ओळ होती आणि तिच्यापुढे सगळे थांबले होते, मोर्शीला, पुण्याला, शारजाला. आता पुढे काय लिहावं, हे त्याला सुचेना. कोपराचं लिहावं, की मुठीचं, की गुरुजींना तो जे सांगायचा त्याचं.

“थांबला काहून?” जुबेरने फोनमध्ये विचारलं.

“पुढचं आठवून राहिलो.”

“आठव,” जुबेर म्हणाला. “मी आहो लाइनवर.”